डावीकडची राणी

“मी हात लावणार नाही,” आन्झोलो म्हणाला आणि पत्त्यांचा जोड त्याने फौस्तिनाकडे सरकवला. “मला तुम्ही दोघी सारख्या. तूच पीस.”

सकाळची वेळ होती. कार्निव्हल कालच संपला होता आणि उपासाचे दिवस लागले होते, म्हणून व्हेनिसचं सरकारी जुगारघर बंद होतं. एरवी आन्झोलो तिथे जुगाराची पेढी धरून, म्हणजे पत्ते वाटत आणि पैज स्वीकारत बसायचा. खेळणारे सगळे मुखवट्यात. उघड्या चेहऱ्याने बसायचा मान फक्त पेढीवरच्या उमरावांना. आन्झोलो जन्माने उमरावच, पण घर सरकारने दिलेलं, कोटाला ठिगळं, आणि ताटात बहुतेक दिवस मक्याचा उकडलेला गोळा.

त्याच्या दोन मुलींपैकी एकीच्याच लग्नाची ऐपत होती. दुसरीने मठात जायचं, ही तिथल्या बड्या घरांची रीतच. आठवड्यापूर्वी त्रेव्हिझोकडच्या सेर लुनार्दो नावाच्या जमीनदाराचं मागणीचं पत्र घेऊन त्याची मोलकरीण आली होती. विधुर, चाळिशीचा, मूलबाळ नाही. ‘दोघींपैकी कोणतीही चालेल,’ असं त्याने लिहिलं होतं. माणूस मोठ्या मनाचा दिसतो, असं आन्झोलोला वाटलं.

खरं तर मान थोरलीचा. पण ‘मठ’ शब्द ऐकल्यापासून धाकट्या ओर्सेताचे डोळे वाळत नव्हते. तेव्हा फौस्तिनाच म्हणाली होती, “मोठी म्हणून मला काही नको. पत्त्यांवर सोडू या.”

“ताई, मठात पहाटे घंटा वाजवून उठवतात म्हणे,” ओर्सेता आता नाक पुसत म्हणाली. “मला तर तू पाणी मारल्याशिवाय जाग येत नाही.”

“मग चांगलं पान निवड.”

“बदामाची राणी.”

“माझी इस्पिकची सत्ती,” फौस्तिना म्हणाली.

खेळ बासेत. बापाच्या धंद्यामुळे दोघींना तो लहानपणापासून पाठ होता. वाटणाऱ्याने वरून दोन-दोन पानं उलटायची. पहिलं उजवीकडे, ते पेढीचं. दुसरं डावीकडे, ते खेळणाऱ्याचं. आपलं पान डावीकडे पडलं की आपण जिंकलो.

“उजवीकडे पडलेलं पान धरायचं नाही, पुन्हा आत घालायचं,” आन्झोलोने ठरवून दिलं. “जिचं पान आधी डावीकडे येईल, तिचं लग्न.”

“आणि जिंकल्यावर पानाचा कोपरा दुमडून वाढीव डावासाठी पुढे खेळायचं?” ओर्सेताने विचारलं.

“नवरा एकच आहे, वेडे. दुमडून काय करशील?”

तिघंही हसली. “ज्या उमरावाने हा खेळ काढला, त्याला म्हणे आपल्याच लोकांनी हद्दपार केलं,” मग आन्झोलो पुटपुटला. “फ्रान्सच्या राजानेही बंदी घातली. आणि मी इथे पोरींचं नशीब लावून बसलोय.”

फौस्तिनाने पत्ते पिसले. पानं पडू लागली. राजा, तिर्री. दश्शी, एक्का. गुलाम उजवीकडे पडला. पुढचं पान उचलताना तिची बोटं किंचित अडखळली, आणि डावीकडे बदामाची राणी पडली.

ओर्सेताने किंचाळून बहिणीला मिठी मारली.

आन्झोलो हलला नाही. वरचं पान इस्पिकची सत्ती होतं. त्याचा कोपरा वर येताना त्याने पाहिला होता. फौस्तिनाने ते अंगठ्याखाली दाबून मागे ओढलं होतं आणि खालचं पान काढलं होतं. ही लबाडी ओळखता यावी म्हणून ती करायची कशी, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तो बोलायला गेला, पण ओर्सेताचा फुललेला चेहरा दिसला. त्याने तोंड मिटलं.

ईस्टरनंतर ओर्सेताची होडी फुलांनी सजून निघाली. त्याच महिन्यात मठात फौस्तिनाचे केस कापले गेले.

पाच वर्षं गेली. दर रविवारी आन्झोलो मठाच्या भेटीच्या दालनात येऊन जाळीपाशी बसे. फौस्तिना मजेत दिसे. ती गायला शिकली होती, बागेत द्राक्षं लावली होती. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “ओर्सेताचं पत्र आलं?”

केवढी माया, असं दर वेळी त्याच्या मनात येई.

“आलं की,” त्या रविवारी तो म्हणाला. “दोनच ओळी. ‘मी सुखात आहे.’ मोठ्या घरात लिहायला सवड कुठली? यंदाही मी निघालो होतो, पण जावयांनी कळवलं, रस्ते खराब आहेत, येऊ नका.”



आन्झोलोने जाळीवर हात ठेवला. हल्ली त्याला धाप लागत असे, आणि ही गोष्ट तशीच पोटात घेऊन जायचं नव्हतं.

“पोरी, मी त्या दिवशी पाहिलं होतं. सत्ती वर होती. तू ती मागे ओढलीस.”

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “तुम्ही पाहिलंत? मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? तुझ्या त्यागापुढे माझी जीभ उचलेना. धाकटीसाठी स्वतःचा संसार सोडलास. तुझ्या आईनेही एवढं केलं नसतं. एवढंच सांगायला आलो, की मला ठाऊक आहे.”

 फौस्तिना जाळीच्या अगदी जवळ आली.

“त्याग कसला, बाबा?” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मागणीचं पत्र घेऊन आलेल्या त्या मोलकरणीने त्याच दिवशी मला सांगितलं होतं, लुनार्दोने पहिल्या बायकोला कसं जिवे मारलं ते.”