दम्याची नोंद

अलीमनं थोरल्या लेकीला, नाहिदला उजवलं त्या सालची गोष्ट. लग्नाला सहा महिने झाले होते आणि पिंपळगाव रेणुकाईत सोयाबीनची मळणी चालू होती. नाहिदचा धाकटा भाऊ तौफिक सकाळी मळणीयंत्रावर उभा राहिला, आणि तासाभरात त्याला श्वास घेता येईना.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याला खाटेवर बसवलं. आडवं होणं त्याला जमत नव्हतं. हात गुडघ्यांवर रोवून तो नुसते खांदे उचलत होता. डॉक्टरीणबाई वयानं नाहिदएवढी. तिनं ऑक्सिजन लावला, छातीला नळी लावून ऐकलं, मग पाठीला लावून पुन्हा ऐकलं.

"आत काहीच आवाज नाही," ती नर्सला म्हणाली. मग बापाकडं वळली. "काय करत होता हा?"

"मळणीवर व्हता, म्याडम," अलीम म्हणाला.

यंत्राचा मालक कचरू त्यांना आपल्याच टेम्पोतून घेऊन आला होता. तो दाराशी उभा होता. "मीच चिडवलं याला. म्हणलं, काय फौजी, भुशाला भेऊन राह्यला का? तर हसला अन् तोंडाचा रुमाल सोडून उभा राह्यला."

"फवारणी केली होती? काही चावलं? याला आधी कधी दमा होता का?"

"न्हाई," अलीम म्हणाला.

उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होतं. फौजेच्या भरतीच्या तपासणीआधी दोन महिने रोज सांजेला अंगणात तो स्वतः डॉक्टर व्हायचा अन् पोराला विचारायचा, "बचपन में दमा था?" तौफिक ताठ उभा राहून म्हणायचा, "नहीं साहब." अलीम म्हणायचा, "जोरात बोल. मेंगळटाला फौजेत कोण घेतंय?" दोघंही हसायचे. लहानपणचे दवाखान्याचे कागद चुलीत गेले होते, तोंडात मारायचा दम्याचा पंप विहिरीत गेला होता. पोरगा धावण्यात पहिल्या दहात आला, तपासणीतही पास झाला. आता फक्त यादी लागायची होती.

आणि इथं खिडकीवर आधार नंबर घेऊन सगळं कॉम्प्युटरात लिहून राह्यले होते. एकदा त्यात दमा लिहिला की तो फौजेच्या साहेबापर्यंत जाणार, याबद्दल अलीमला शंका नव्हती.

तौफिकनं मान वळवून बापाकडं पाहिलं. बोलायला त्याच्याजवळ श्वास नव्हता. सांगा म्हणत होता की सांगू नका, ते त्या नजरेतून कळत नव्हतं. अलीमनं सांगू नका असंच धरलं.

"रानात होता ना? सापाचं बघा," बाई नर्सला म्हणाली. दोघी त्याच्या पायांवर, बोटांच्या बेचक्यांत दातांच्या खुणा शोधू लागल्या. पोटरीवर काट्याचा एक ओरखडा होता. त्यावर त्यांचा बराच वेळ गेला.

तौफिकची आई सुगराबी केसपेपर काढून आत आली. पोराची नखं निळी पडलेली तिनं पाहिली.

"बताए क्या जी? बचपन का?" तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"चुप बैठ. यादी लगने दे."

नवऱ्याचा शब्द तिनं आजवर चारचौघांत मोडला नव्हता. मग त्याला बाजूला सारून ती खाटेशी गेली.

"म्याडम, दमा है इसको. पहिल्यापासून है."

बाईनं वर पाहिलं. नर्स पळाली. इंजेक्शन झालं, वाफेचं यंत्र तोंडाला लागलं, सलाइनमधून औषध गेलं. मग बाई स्वतः खाटेवर चढून दोन्ही हातांनी त्याची छाती दाबत राहिली. दाराशी कचरूनं टोपी काढून हातात घेतली.

पुढं बाईनं टेबलावर कागद ओढला. "दमा कधीपासून होता?" तिनं विचारलं.

अलीमच पुढं झाला.

"चौथ्या वर्षापासून, म्याडम. थंडीत जास्त व्हायचा. मळणीच्या दिवसांत मी त्याला मामाकडं जालन्याला ठेवायचो. बराबर लिहून घ्या."

तौफिक अलीम शेख, वय वीस, सोमवारी, सहा नोव्हेंबर दोन हजार तेवीसला, सकाळी पावणेबारा वाजता वारला.