मागच्या सीटशेजारची जाळी

"उस्ताद, गाडीत मागे बसली की आमची तालीन धापा टाकते," उम्म गैथ म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, पोरगी ठणठणीत आहे."

"गाडीनं दमा होत नाही, बाई. धूळ अडकली असेल. तुम्ही बाहेर चहा घ्या."

अम्मानमध्ये अशा जुन्या हायब्रिड गाड्या मी रोज उघडतो. मागच्या सीटशेजारच्या जाळीतून पंखा हवा ओढतो, ती बॅटरीला गार ठेवते.

बॅटरी आणि पंखा काढून टेबलावर ठेवले. नळी साफ केली. मग सवयीनं टिश्यूचा कागद वरच्या टोकाला धरून जाळीसमोर नेला. जाळी हवा ओढत असली की तो चिकटतो.

तो चिकटला.

पंखा माझ्यामागे टेबलावर पडला होता.

कागद सुटला. पुन्हा चिकटला. मी श्वास घेतला की चिकटायचा, सोडला की सुटायचा. खात्री करायला मी श्वास घेऊन रोखून धरला. कागद चिकटूनच राहिला.

"उस्ताद, झोपलात की काय आत?" उम्म गैथ बाहेरून ओरडल्या.

'आलो' म्हणायला तोंड उघडलं, पण श्वास बाहेर येईना. मी कागद सोडून दिला, हात मागे घेतला.

कागद जाळीला चिकटलेलाच होता.