उजवा पल्ला वर

सावामुराबाईंनी पुन्हा उजवा पल्ला वर घेतला आणि मित्सुयोने पुन्हा तो सोडवला.

"अहो, डावा वर! उजवा वर फक्त मेलेल्या माणसाला नेसवताना घेतात. जिवंतपणी कशाला ते?"

"चुकलं हं," बाई ओशाळून म्हणाल्या. "हात ऐकतच नाही."

चूक तशी नवलाची नव्हती. किमोनो नेसायचा म्हणून हौसेने डोंगरातल्या या गावात येणारे पाहुणे हमखास तीच करत. मित्सुयो हसून सुधारायची, कमरपट्टा बांधायची आणि प्रत्येकाला मोठ्या आरशापुढे उभं करायची. मग "अगंबाई, ही मीच का?" असा चीत्कार ठरलेला. पण नवशिक्याचा हात अडखळतो. या बाईंचा हात चुकत होता तो सर्रकन, सराईतासारखा, एकही चुणी न पडू देता.

कुठंतरी पाणी मुरतंय, मित्सुयोला वाटलं.

कुठं मुरतंय याचाही तिला अंदाज होता. मागच्या खोलीत तिच्या सासूबाई, किकुनो, अंथरुणाला खिळल्या होत्या. नव्वदी कधीच ओलांडलेली. आणि इथे, पाहुण्यांच्या खोलीत, कुलूपबंद पेटीत त्यांचा गर्द निळा रेशमी किमोनो होता. रेशमाचे किडे त्यांनीच पाळलेले, सूत त्यांनीच काढलेलं, विणलाही त्यांनीच. "मला यातच पाठवायचं," हे त्यांनी हजारदा बजावलं होतं आणि मित्सुयोने हातात हात घेऊन शब्द दिला होता. आता ती वेळ फार लांब नाही, हे डॉक्टर सांगून गेले होते.

गावात जुन्या वस्तू विकत घेणारे फिरत. आधी म्हाताऱ्या माणसाला फोन करायचा, गोड गोड बोलायचं, मग घरात शिरायचं. शेजारच्या मोरितानी आजींचा लग्नातला किमोनो असाच गेला, समोरचा चहा निवायच्या आत. आणि गेला महिनाभर सासूबाई फोनवर कुजबुजत होत्या. मित्सुयो आत गेली की "राँग नंबर!" म्हणून ठेवून द्यायच्या. राँग नंबरशी इतका वेळ बोलतं का कुणी?

"मागच्या खोलीत कोण असतं?" सावामुराबाईंनी दोरी बांधता बांधता विचारलं.

"सासूबाई."

"उंच आहेत का हो?"

"का?"

"सहज विचारलं."

सहज म्हणे! गोगलगाय नि पोटात पाय. मित्सुयोची नजर दाराशी ठेवलेल्या त्यांच्या काळ्या पेटीवर गेली.

"त्यात काय आणलंय एवढं?"

"माझी अवजारं. संध्याकाळी कामावर जायचंय."

"कसलं काम करता?"

"माणसांना नीटनेटकं करते," बाई शांतपणे म्हणाल्या.

नीटनेटकं करतेस की धुऊन नेतेस, हे मित्सुयोच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मागून हाक आली.

"मित्सुयोऽ! मला टोफू हवा. ताजा. दुकानातला."

आठवडाभर पेजेपलीकडे काही न खाल्लेली म्हातारी आणि तिला आत्ताच टोफू! मित्सुयो दाराशी गेली.

"आई, पाहुण्या आल्यात. नंतर आणते."

"पाहुणी कुठं पळून जात नाही. मी मात्र जाईन!"

असं म्हटल्यावर कोण सून नाही म्हणेल? मित्सुयोने पाहुणीसमोरच किमोनोच्या पेटीचं कुलूप ओढून पाहिलं, किल्ली कमरपट्ट्यात खोचली आणि भांडं घेऊन निघाली. उतारावर सुकत टांगलेल्या पर्सिमन फळांच्या माळांखालून जाताना तिला एकदम आठवलं, दुसरी किल्ली सासूबाईंच्या उशाखाली असते. परत फिरावं तर म्हातारीचा शेवटचा हट्ट मोडायचा. ती जवळजवळ पळतच दुकानात गेली आणि पळतच आली.

खोलीत कुणी नव्हतं. पेटी सताड उघडी. किमोनोवरचा कागद तेवढा चुरगळून पडलेला. काळी पेटीही जागेवर नव्हती.

"मेले! हातावर तुरी दिल्या बाईने!"

आता सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगायचं? एकच शब्द दिला होता आयुष्यात, तोही टोफूपायी गेला. मित्सुयोला रडू फुटायला लागलं. अनवाणीच रस्त्यावर धावायला म्हणून ती वळली आणि थबकली. पायरीशी सावामुराबाईंचे बूट तसेच होते, टोकं बाहेर करून नीट लावलेले.

म्हणजे बाई घरातच होती.

"आई!" मित्सुयोने हाक मारली. एरवी एका हाकेला दहा उत्तरं देणारी म्हातारी गप्प.

टोफूचं भांडं छातीशी धरून तिने मागच्या खोलीचं दार सरकवलं.

सासूबाई उताण्या निजल्या होत्या. डोळे मिटलेले, हात छातीवर जोडलेले, पांढरे केस विंचरून चापून बसवलेले, ओठांवर पुसट लाली. अंगावर गर्द निळा किमोनो होता. उजवा पल्ला वर. उशाशी सावामुराबाई गुडघे टेकून, मान लववून बसल्या होत्या. शेजारी काळी पेटी उघडी होती, हातात बारीक ब्रश होता.

भांडं निसटलं. टोफूचे तुकडे चटईभर झाले.

"आई! आई हो, आणला ना मी टोफू!" मित्सुयो मटकन खाली बसली आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली. "थोडं थांबायचं तरी होतंत!"

"हळू गं, रेशीम भिजेल," सासूबाई म्हणाल्या आणि एक डोळा किलकिला केला. "मेलेल्यांना नेसवणाऱ्या या बाईंना महिनाभर फोन करून मीच बोलावलंय. ऊठ, तो पाहुण्यांचा मोठा आरसा आण आधी. त्या दिवशी सगळं गाव बघेल, मला एकटीलाच काही दिसायचं नाही."