शीर भरली तेव्हा

हृदयाच्या ऑपरेशननंतर तुळशीरामांच्या बरगडीखाली पंजाएवढी मऊ पट्टी चिकटवली होती. कानाला न ऐकू येणाऱ्या लहरींनी ती आतली मोठी शीर बघायची. श्वासागणिक शीर किती मिटते, किती फुलते, त्यावरून सलाईन सोडायची.

सिस्टरची नजर चुकवून पार्वतीबाई नवऱ्याला सकाळपासून गूळपाणी पाजत होत्या. घरी आल्यागेल्याला देतात, मग मरणाच्या दारातून परतलेल्याला नको?

अचानक सलाईनचा थेंब थांबला. पार्वतीबाई तांब्या हातात घेऊनच उठल्या.

"सिस्टर, धावा हो! माझ्या हातून यांचं काळीज बुडालं!"

सिस्टर रेश्मानं पट्टीचे आकडे पाहिले आणि ती हसली. "मावशी, काही बुडालं नाही. शीर भरली, म्हणून पट्टीनं सलाईन थांबवलं. तिला बाटली काय नि तुमचा तांब्या काय, सारखंच. पण आता चोरून नको. शिरेत जागा झाली की पट्टीवर हिरवा दिवा लागेल, तेव्हा एक घोट."

"जन्मभर हिला विचारून प्यालो," तुळशीराम पुटपुटले, "आता पट्टीलाही विचारू?"

"गप पडा," म्हणत पार्वतीबाई पदरानं डोळे पुसून दिव्याकडे बघत बसल्या. ऊन सरकत पलंगाशी आलं, तेव्हा पट्टीवर हिरवा दिवा लागला. बाळाची उचलावी तशी त्यांनी नवऱ्याची मान अलगद उचलली.