नळीवरचं नाव

"मी बसायले नाही आली," प्रेमिला म्हणाली आणि उभीच राहिली. धंतोलीतल्या त्या दवाखान्यात तिचा नवरा बळीराम तेवढा डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. जिना चढूनच त्याला धाप लागली होती.

"मोनालीच्या बाबाले घरी नेऊन राहिली मी. तुमचं औषध नको."

नवऱ्याचं नाव तिने लग्नापासून कधी तोंडाने घेतलं नव्हतं. मुलगी झाल्यावर तर सोयच झाली.

डॉक्टर भैरवींनी मागच्या खेपेलाच सांगितलं होतं. लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ, शिवाय रक्ताचाही कॅन्सर. औषध लगेच सुरू झालं तर काही आशा, नाहीतर कठीण.

"एका माणसाले दोन दोन कॅन्सर?" प्रेमिला म्हणाली. "काहून जी, एकात भागत नाही का तुमचं?"

"क्वचित होतं असं, ताई. मुळाशी यांची जुनी कावीळ आहे, बी प्रकारची. तो विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिला. लिव्हर त्यानेच बिघडवलं. रक्ताच्या आजारातही त्याचाच हात असावा."

"कावीळ तं कधीचीच उतरवली आमी! काविळीची माळ घातली होती डोक्यावर. वाढत वाढत पार पोटापर्यंत उतरली."

बळीराम कसनुसं हसला. "जाऊ दे ना वं."

पण जाऊ देईल तर ती प्रेमिला कसली! मडकं घेताना दहा ठिकाणी ठोकून बघणारी, दुधात बोट बुडवल्याशिवाय भांडं पुढे न करणारी बाई ती. या लोकांना रंगेहाथ पकडायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. तिची भाची दामिनी कामठीच्या एका लॅबमध्ये कामाला. तिला घरी बोलावून प्रेमिलाने रक्त काढून घेतलं. रक्त स्वतःचं, आणि नळीवर नाव लिहायला लावलं नवऱ्याचं. नाव बघूनच हे लोक आजार लिहितात, अशी तिची खात्री होती. निकाल देताना दामिनी एवढंच म्हणाली होती, "मावशी, हे आधी डॉक्टरले दाखव."

आता तिने तो कागद टेबलावर आपटला.

"पाहा! तेच बीवाली कावीळ निघाली म्हणते. अन् रक्त कोणाचं? माह्यं! धडधाकट बाईचं! आता बोला. दूध का दूध, पानी का पानी!"

डॉक्टरांनी कागद वाचला. मग प्रेमिलाकडे पाहिलं.

"ताई, रक्त खरंच तुमचं होतं?"

"आईची शपथ! याच हातातलं."

"मग पुन्हा एकदा तपासू," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "तुमचं. आणि मुलीचंही. हा विषाणू घरात एकाचा दुसऱ्याला लागतो."

बळीरामला आधी कळलं. त्याचा चेहराच उतरला. टेबलाचा आधार घेत तो उठला आणि आपली खुर्ची बायकोच्या मागे सरकवली.

"बस वं, प्रेमिला."

प्रेमिलाने कागद उचलला.

"नाही जी, माह्यं कसं असन?" ती म्हणाली. "नाव तं पाहा ना यावर. बळीराम लिहिलं आहे. बळीराम."