पांढरं लुगडं

१९५६ चा दसरा जवळ आला होता. धम्मदीक्षेसाठी नागपूरला पांढरे कपडे घालूनच यायचं, असा निरोप हिंगणीच्या वस्तीत आला आणि सेलूच्या बाजारात पांढरं कापड मिळेना. तेव्हा जिजाबाई पंचफुलाच्या दारात येऊन उभी राहिली. नवरा वारल्यापासून अकरा वर्षं पंचफुला पांढरंच नेसायची. लग्नाला निघताना ती सामोरी आली, तर हीच जिजाबाई घरात परत जायची आणि पाणी पिऊन मग निघायची.

"तुह्यापाशी दुसरं लुगडं असन तं दे वं मले," जिजाबाई म्हणाली.

पंचफुलानं त्यातल्या त्यात नवं होतं ते दिलं.

नागपूरच्या मैदानात नजर जाईल तिथवर पांढरंच होतं. सवाष्ण कोण आणि विधवा कोण, काही कळत नव्हतं. लाखो लोकांबरोबर पंचफुलानंही हात जोडून प्रतिज्ञा म्हटल्या. 'मी खोटं बोलणार नाही' हीसुद्धा. गर्दी पांगू लागली तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईनं तिच्यापुढे अर्धी भाकर धरली आणि सहज विचारलं, "एकटीच काऊन बसली वं? तुहा घरवाला कोठी हाय?"

अकरा वर्षांत हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. पंचफुलानं आपले भुंडे हात पदराखाली घेतले.



"पाणी आणाले गेले," ती म्हणाली. "येतीनच आता."