भावना काढा

अंतराळयानात वर्षानुवर्षं एकत्र काढलेले दोन यंत्रमानव एकमेकांशी काय बोलतील, हे मालिकेच्या लेखिकेला काही केल्या सुचेना. तिने लिहिलेलं प्रत्येक पान दिग्दर्शक परत पाठवायचा. "अहो ताई, यंत्रं आहेत ती! तुमची तर गळ्यात गळे घालतात. भावना काढा, सगळं कोरडं ठणठणीत करा."

शेवटी वैतागून तिने सकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याशी झालेलं बोलणंच जसंच्या तसं उतरवून दिलं. नाश्त्याच्या जागी चार्जिंग घातलं आणि गुडघ्याच्या जागी सांधा.

"चार्जिंग केलंस?"

"केलं. तू?"

"करते. सांधा कुरकुरतोय का?"

"थोडा."

"तेल लावून देते."

"राहू दे. तू बस जरा."

दिग्दर्शक एकदम खूश. "वा! आता कसं! भावनेचा लवलेश नाही!" आपल्या इतक्या वर्षांच्या संसाराला असं प्रशस्तिपत्रक मिळेल, असं लेखिकेला मात्र वाटलं नव्हतं.

भाग लागला त्या संध्याकाळी ती सोफ्यावर नवऱ्याशेजारी अंग चोरून बसली. त्याने ओळखलं तर काय सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती. तो प्रसंग आला आणि संपलाही. नवऱ्याने चष्मा काढून हळूच डोळे पुसले.

 

"यंत्रं म्हणे! अगं, किती जीव आहे दोघांचा एकमेकांवर. आपण बोलतो का कधी असं?"